बाभूळशेंग किनार

कॉम्प्युटर बंद पडला की लोक खोटं बोलतात, हे मी सव्वीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो. "काहीच नाही केलं, आपोआप बंद पडला," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी मीच ते मनात म्हणून घेतो. मग आतून सांडलेला चहा निघतो, पोरानं कोंबलेली बिस्किटं निघतात, एकदा तर वाळलेली पाल निघाली, पण केलेलं मात्र कोणी काहीच नसतं. पूर्वी मला या खोटेपणाची गंमत वाटायची. आता नुसता कंटाळा येतो.

माझं नाव संघपाल. प्रताप नगरात धम्मदीप कॉम्प्युटर्स नावाचं माझं एका शटरचं दुकान आहे. वय त्रेपन्न. सगळी दुनिया मोबाईलवर गेली. डेस्कटॉप उरले ते सोसायट्यांच्या ऑफिसात, शाळांत, आणि जुनी वस्तू टाकवत नाही अशांच्या घरी. हे सगळे माझ्याकडे येतात. मला कोणाला नाही म्हणता येत नाही आणि कोणाशी धड बोलताही येत नाही. माझी बायको रोशनी म्हणते, तुमचं तोंड पाहून भीतीनंच मशीन सुरू होत असतील.

त्या दिवशी अकराच्या सुमारास हर्षाचा फोन आला तेव्हा माझ्या पुढ्यात तीन सीपीयू उघडे पडले होते, एप्रिलचं ऊन शटरच्या आत आलं होतं आणि कूलरमधलं पाणी संपलं होतं. हर्षा हेडाऊ हुडकेश्वरला राहते. एका संस्थेत मुलींना हातमाग शिकवते. दीड वर्षापूर्वी तिनं वडिलांसाठी माझ्याकडूनच एक जुना डेस्कटॉप नेला होता, आणि तो घरी जाऊन लावून दिला होता तोही मीच.

"भाऊ, बाबाच्या कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली," ती म्हणाली. "पंखा फिरून राहिला, लाइट बी लागून आहे, पण दिसून काहीच नाही राहिलं."

"बंद करून चालू करा."

"बाबा बंद नाही करू देत. चार महिने झाले, सुरूच आहे. लाइन गेली तं इन्व्हर्टरवर चालते."

इथं मी थांबायला हवं होतं. चार महिने कोणी कॉम्प्युटर सुरू कशाला ठेवेल, एवढं तरी विचारायला हवं होतं. पण डोकं तापलेलं होतं आणि जीभ सवयीची होती.

"ताई, बंद केल्याबिगर कसं होईल? बटण दहा सेकंद दाबून ठेवा. मंग मागची वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. दहातले आठ असेच सुरू होतात."

"बाबा आंघोळीले गेले आहेत. करून पाहू?"

"तेच तं सांगून राहिलो."

उंटावरून शेळ्या हाकायचा हा धंदा. फोन ठेवला आणि मी विसरूनही गेलो. दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. आता आवाज वेगळा होता.

"भाऊ, आता तं पंखा बी नाही फिरत. लाइट बी नाही. तुम्ही या ना लवकर."

मी बॅगेत एक जुना पण चालता एसएमपीएस टाकला, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा तो पत्र्याचा डबा. टेस्टर, पेचकस, खोडरबर घेतलं आणि स्कूटर मानेवाडा रोडला घातली. वाटेत सिग्नलवर उभं राहिलं की गुडघा आखडतो. एकदा थांबलो की परत पाय उचलणं जिवावर येतं, म्हणून मी पिवळ्यात गाडी काढतो. त्या दिवशी दोनदा शिव्या खाल्ल्या.

हुडकेश्वरला हेडाऊंचं घर नव्या लेआउटमध्ये आहे. आजूबाजूला अर्धे प्लॉट अजून रिकामे. दारातच हर्षा उभी होती, आणि मी चप्पल काढतो आहे तोवर तिनं आवाज खाली आणला.

"बाबाले मी सांगितलं का आपोआप बंद पडला मनून."

आयुष्यभर लोकांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य. या वेळी ते माझ्यामुळे बोललं गेलं होतं.

आतल्या खोलीत तिचे वडील, जागेश्वर हेडाऊ, लाकडी स्टुलावर बसले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. अंगात बंडी, मांडीवर घडी केलेला पंचा. उजवा हात थोडा थोडा हलत होता, आणि तो त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता. तांडापेठेतल्या घरात त्यांनी पन्नास वर्षं माग चालवला. नंतर हात असा झाला, माग विकला आणि लेकीकडे आले. हे मला मागच्या वेळी कळलं होतं. तो कॉम्प्युटर कशासाठी, ते मात्र मी तेव्हा विचारलं नव्हतं.

"पाहा भाऊ," ते म्हणाले. "माझी किनार हाय त्याच्यात."

"कसली किनार, बाबूजी?"

त्यांनी सांगितलं ते सावकाश, मधेमधे श्वास घेत. त्यांच्या घराण्याची एक किनार होती, बाभूळशेंग. बाभळीच्या शेंगेसारखे मणी एकातून एक निघत जातात, आणि मधेच एक मणी फिरतो. त्यांच्या आज्यानं बसवलेली. कागदावर ती कधी उतरली नाही. बापानं पोराला मागावर बसवून सांगायची, एवढीच रीत. आता ती विणणारं कोणी उरलं नव्हतं. नमुनाही नव्हता. त्या किनारीचं शेवटचं लुगडं हर्षाच्या आईच्या अंगावर घालून तिला घाटावर नेलं होतं. ती किनार उरली होती ती फक्त जागेश्वरबाबूजींच्या डोक्यात.

"मंग म्या बाबाले कॉम्प्युटर देला," हर्षा म्हणाली. "चित्र काढाचं ते पेंट उघडून देलं. चौकोन मोठे करून देले. एक चौकोन म्हणजे एक धागा. माझ्या पोरी पाहून विणतील मनून."

"चारशे बारा ओळीचा फेरा हाय," बाबूजी म्हणाले. "तीनशे ऐंशी झाल्या होत्या. हात हलते, मनून दिवसाच्या तीन-चारच होत. बत्तीस राहिल्या."

मी हर्षाकडे पाहिलं. "सेव्ह होतं ना?"

उत्तर बाबूजींनी दिलं, आणि तेही जरा समजूत काढल्यासारखं, जणू मीच अडाणी.

"ते सेव्ह का काय ते हर्षा सांगे मले. पण भाऊ, मागावर ताणा चढला का कापड पुरं होईस्तोर कोणी उतरवते का? अर्धं कापड घडी करून कपाटात ठेवते का? काम चढलेलं हाय तं चढलेलंच राहू द्यायचं. रात्री वरून पंचा टाकायचा, बस."

"डिसेंबरात म्या सेव्ह करून देलं होतं," हर्षा हळूच म्हणाली. "चाळीस ओळी होत्या तवा. मंग बाबा हातच नाही लावू देत."

मला तिथंच कळलं. पेंट आपणहून काही जपून ठेवत नाही. जे जपलं नाही ते विजेवर जगतं, आणि वीज मी काढायला लावली होती. तीनशे चाळीस ओळी. पण मी तोंडानं म्हणालो, "आधी सुरू तं होऊ द्या." एखाद्या वेळी कुठंतरी एखादा तुकडा सापडतो, असं स्वतःलाही सांगितलं.

मग मी खाली बसलो. बटण दाबलं, काही नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये टेस्टर लावला, वीज होती. वायर बदलून पाहिली, तरी काही नाही. सीपीयूचं झाकण काढलं. धुळीऐवजी आत पांढरी कापसाची लव बसली होती. हर्षा क्लासमधून कपड्यांवर आणत असेल. ब्रशनं ती काढली. मग एसएमपीएसची जाड पिन बोर्डातून उपटली आणि तिच्यातल्या हिरव्या आणि काळ्या वायरीत तारेचा तुकडा घातला. डबा चांगला असला तर एवढ्यानं त्याचा पंखा फिरतो. पंखा एकदा थरथरला आणि थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

दोष सापडला होता. डब्याच्या जाळीतून बॅटरी मारली तर आत वीज साठवणारे दोन कॅपॅसिटर पुरीसारखे फुगलेले दिसले. असे जुने डबे सुरू असतात तोवर वर्षानुवर्षं चालतात. एकदा थंड झाले की उठत नाहीत. माझ्या गुडघ्याचं तेच आहे, म्हणून मला ते चांगलं समजतं.

माझा डबा लावला. बटण दाबलं. पंखा फिरला, आतून एक बारीक 'पी' झालं. हर्षानं श्वास सोडला. बाबूजी स्टुलावरून पुढं झुकले.

स्क्रीन काळीच राहिली.

रॅम काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, परत बसवली. पुन्हा 'पी', पुन्हा काळं. पण तो एकच 'पी' म्हणजे बोर्ड ठणठणीत असल्याची खूण असते. बोर्ड ठीक, रॅम ठीक, मग उरतं काय? मी मॉनिटरच्या मागं हात घातला, आणि निळ्या टोकाची पिन माझ्या बोटाला लागताच हलली. एका बाजूनं ती अर्धी बाहेर आली होती. मी ती दाबली आणि समोर उजेड पडला.

हर्षा म्हणाली, "झालं." मी मात्र मॉनिटरच्या मागंच वाकून राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. सकाळी बिघाड होता तो एवढाच. कॉम्प्युटर चालू होता. किनार आत होती, तीनशे ऐंशी ओळी, जशाच्या तशा. फक्त दिसत नव्हती. रोज रात्री बाबूजी वरून पंचा टाकायचे, तो ओढला जाऊन पिन सैल झाली असणार. आणि ती सैल होऊ नये म्हणून तिला दोन स्क्रू असतात, हातानं आवळायचे, दोन मिनिटांचं काम. दीड वर्षापूर्वी इथं मशीन लावताना ते मी आवळले नव्हते. घाईत कोणीच आवळत नाही.

मी आता ते आवळले. मग समोर येऊन शोधाशोध केली. जिथं जिथं एखादा तुकडा राहू शकतो तिथं तिथं पाहिलं. फाईल एकच होती, डिसेंबरची. उघडली. पांढऱ्या पडद्यावर वरच्या बाजूला चार बोटं रुंद रंगीत पट्टी, आणि खाली सगळं कोरं.

"बाकीचं?" बाबूजींनी विचारलं.

हर्षाच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. ती आता सांगून टाकणार हे दिसत होतं, आणि तिनं सांगितलं की पुढचं नाव माझं. मी घाईनं बोललो. "एसएमपीएस गेला बाबूजी. म्हातारा झाला होता. आज ना उद्या जाणारच होता." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण हे ज्या कामासाठी मी बोललो, ते काम खोट्याचंच होतं.

हर्षानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. मलाही वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

बाबूजींनी पुढं वाकून त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हातारा झाला तं काय करन तो." आणि थोड्या वेळानं, "भाऊ, घाईत हाय का तुमी?"

दुकानात तीन सीपीयू उघडे पडले होते. "नाही," मी म्हणालो.

"मंग बसा. मी सांगतो, तुमी भरा. तुमचा हात हलत नाही."

मी माउस घेतला. हर्षानं माझ्यासाठी खुर्ची आणली. बाबूजींनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. "काळे चार. तांबडे दोन. एक सोडा. तांबडे दोन. आता मोहरीचा एक." मी चौकोन भरत गेलो. एक्केचाळिसावी ओळ, बेचाळिसावी. प्रत्येक ओळीनंतर मी सेव्हची कळ दाबत होतो, कोणी पाहत नसताना चोरलेले पैसे परत ठेवावेत तसं. सांगताना त्यांचे दोन्ही पाय, मागावर बसल्यासारखे, जमिनीवर आळीपाळीनं दाबले जात होते. हात हलायचा थांबला होता. तासाभरात आम्ही साठीच्या पुढं गेलो. एक मणी पुरा झाला, दुसरा सुरू झाला. मला वाटायला लागलं की होईल. रोज दुकान बंद करून यायचं, महिनाभर, दोन महिने. एवढं मी करू शकतो, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

एकाहत्तराव्या ओळीवर ते थांबले.

"काळे तीन," ते म्हणाले. मग, "नाही. चार." मग पाय थांबले. "इथं मणी फिरते. फिरते तवा..." त्यांनी डोळे उघडले आणि पडद्याकडे पाहिलं, पण तिथं तेवढंच होतं जेवढं आम्ही भरलं होतं. परत मिटले. पहिल्या ओळीपासून ओठातल्या ओठात म्हणत आले, आणि परत तिथंच अडकले. असं तीनदा झालं. हर्षा पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती, तो तिनं पुढं केला नाही.

"गेलं," शेवटी ते म्हणाले.

"बाबा, आठवन सावकाश."

"नाही वं. बाप सांगे मले, विणलेलं गुंडाळत जाय, मांगं पाहू नको. जुनं डोक्यात ठेवलं का पुढच्या ओळीत घुसते. मी तसंच केलं. जे भरलं ते सोडून देलं. सरळ मणी पट्टी पाहून सांगता आला, फिरता नाही येत. आता फक्त शेवटच्या बत्तीस हायत डोक्यात, आणि त्या कायले लावू?" हात पुन्हा हलायला लागला होता. तो त्यांनी धरला. "माझीच चूक झाली. हर्षा सांगे सेव्ह करा, सेव्ह करा. म्या आयकलं नाही."

हे मात्र मला ऐकवेना. मी वाईट माणूस नाही, थकलेला आहे, असं मी स्वतःला नेहमी सांगतो. पण त्या क्षणी ते पुरेना.

"बाबूजी, तुमची चूक नाही," मी म्हणालो. "सकाळी कॉम्प्युटर खराब नव्हता झाला. मागची पिन सैल झाली होती, बस. ती दाबली असती तं दिसलं असतं. मीच फोनवर हर्षाताईले सांगितलं का बटण दाबून बंद करा, वायर काढा. न पाहता सांगितलं. तिनं माझं ऐकलं. बंद झाल्यावर मंग तो डबा मेला. आणि ती पिन सैल झाली ते बी माझ्यानंच. स्क्रू नव्हते आवळले मी."

हर्षानं हातातला ग्लास खाली ठेवला. ती म्हणाली, "बाबा, बंद म्या केला. तुमी आंघोळीले गेले होते तवा."

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"मंजे हर्षानं फोन केला तवा ते आत होतं?"

"होतं."

"सगळं?"

"सगळं. फक्त दिसत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. राग येईल, शिवी देतील, याची मी वाट पाहत होतो. मला ती हवी होती. त्यांनी विचारलं, "ते स्क्रू आवळले आता?"

"आवळले."

"बरं केलं."

मी म्हणालो की मी उद्या येतो, रोज येतो, सत्तर ओळी सेव्ह करून ठेवल्या आहेत, कधीतरी अचानक आठवेल. मी खूप बोललो असेन. माझं संपेपर्यंत ते थांबले आणि मग भिंतीचा आधार घेऊन उठले.

"भाऊ, बंद करून जा ते."

"सुरू राहू द्या ना बाबूजी. तुम्ही कुठं बंद करता."

"कायले सुरू ठेवू? मागावर काही नाही आता."

सव्वीस वर्षांत मी हजारो लोकांना बंद करा म्हणून सांगितलं असेल. मला कोणी सांगण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि माझं बोट पुढं होईना. हर्षा दाराशी तोंड फिरवून उभी होती. शेवटी मीच ते केलं, नीट, जसं करायला हवं तसं. आधी फाईल बंद, मग शट डाउन. पडदा निळा झाला, काळा झाला, आणि थोड्या वेळानं पंखा थांबला.

बाबूजींनी उठतानाच मांडीवरचा तो पंचा हातात घेतला होता. मॉनिटरवर टाकतील असं मला वाटलं. त्यांनी तो झटकला, खांद्यावर टाकला आणि खोलीबाहेर निघून गेले.